लाकडी स्टडच्या भिंतीवर जड बेसिन: आडवा ठोकळा की प्लायवूड? मदत हवी आहे

अमेरिकेतलं घर, टू-बाय-फोरचे स्टड (भिंतीच्या सांगाड्यातले उभे लाकडी खांब, प्रत्यक्षात दीड × साडेतीन इंच), केंद्र ते केंद्र 16 इंच. भिंतीवर टांगायचं सिरॅमिक बेसिन साधारण 20 किलोचं, पाय नाही. भिंत सध्या उघडी आहे, नंतर अर्ध्या इंचाचा सिमेंट बोर्ड आणि टाइल येईल.

अडचण अशी: बोल्टांमधलं अंतर 280 मिमी आणि ड्रेन दोन स्टडच्या मधोमध. म्हणजे दोन्ही बोल्ट पोकळीतच, स्टडवर एकही नाही. नुसत्या बोर्डातले अँकर नकोतच. बेसिनचं वजन ते पेलतीलही, पण कुणी पुढच्या कडेवर रेलला की घोळ होतो. 45 सेंमी पुढे 80 किलो आणि बोल्टांखाली टेकू जेमतेम 10 सेंमी, म्हणजे प्रत्येक बोल्टवर 180 किलोची ओढ. आधी सिलिकॉन सुटतं, मग पाणी आत.

म्हणून स्टडांमध्ये 2×10 चा (प्रत्यक्षात दीड इंच जाड) आडवा ठोकळा, पुढच्या कडेशी सपाट, दोन्ही टोकांना 3 इंच लांबीचे स्ट्रक्चरल स्क्रू (ड्रायवॉलचे स्क्रू ठिसूळ, डोकी तुटतात). मागे 2 इंच उरतात. तिथून जाणाऱ्या दीड इंची व्हेंट पाइपचा (ड्रेनला हवा देणारा उभा पाइप) बाहेरचा व्यास 1.9 इंच, तो कसाबसा मावतो. कपलिंग (दोन पाइप जोडणारा जाडसर तुकडा) मात्र नाही.

जाणकारांना विचारायचंय:
कपलिंग वर सरकवावं, की ठोकळ्याऐवजी पाऊण इंची प्लायवूड स्टडमध्ये खाच पाडून बसवावं? भिंत भार पेलणारी आहे, खाच पाऊण इंचाचीच.
आणि ठोकळा जेमतेम 38 मिमी, तेव्हा हँगर बोल्ट (एका टोकाला लाकडात जाणारा स्क्रू, दुसऱ्या टोकाला नटाचे आटे) पुरतील, की आत्ताच आरपार बोल्ट घालून मागून रुंद वॉशर-नट लावावा?