अनुभव धागा : ‘मला जमत नाही’ हे तुम्ही कुणाला सांगितलंत?

शेंगाचटणी : यंदा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर आकाशपाळण्यापाशी नवरा थांबला आणि लेकीला म्हणाला, “मला भीती वाटते गं, तू आईबरोबर बस.” लग्नाला चौदा वर्षं झाली. दरवर्षी तिकिटाच्या रांगेपर्यंत यायचा, मग नेमका कुणाचातरी फोन यायचा! लेक जरा थांबून म्हणाली, “मला पण पाण्याची वाटते.” तीन महिने पोहायला जातेय, आम्हाला पत्ताच नव्हता.
तुम्ही आपलं दुबळेपण कुणापुढं उघडं केलंत का? पुढं काय झालं? वाईट झालं असेल तरी लिहा. उपदेश नको.

दोन_माग : मी टॉवेलच्या मागावर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. सव्वीस वर्षं झाली. खडखडाटात बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, नाहीतर हातवारे. त्यामुळं आपल्याला ऐकू येईना झालंय हे तिथं कळत नाही. घरी कळतं. गड्यांचा जाड आवाज यायचा, पण बायकोचं आणि नातीचं बोलणं नुसतं पुटपुटल्यासारखं. मी हसायचो आणि मान डोलवायचो. घरात तेलुगू, बाहेर मराठी. दोन्हीकडं मान डोलवून सहा-सात वर्षं काढली.

मग पुतणीच्या सोयरिकीची बैठक. मुलाकडच्या एका बाईंनी काहीतरी विचारलं, मी डोलवली मान. लग्नाचा सगळा खर्च तुमच्याकडं ना, असं विचारलं होतं म्हणे! भाऊ माझ्याकडं बघतच राहिला. तिथंच पाहुण्यांसमोर म्हणालो, “मला ऐकू येत नाही हो, उगीच मान हलवली.” एवढं बोलायला जो घाम फुटला तो मे महिन्यात मागावर फुटत नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सततच्या आवाजानं कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. बारीक आवाज आधी जातो. म्हणजे नातीचा. आता यंत्र लावतो, कामावर फोमचे बोळे घालतो. नव्या पोरांना सांगितलं, दोघांनी घातले, बाकीचे हसतात. नात समोर येऊन, माझी हनुवटी धरून बोलते.
(सोयरीक जमली. खर्च निम्मा-निम्मा.)

नाव_नको : माझं उलटं. छातीत धडधडतं, हात कापतात, म्हणून वरिष्ठांना विश्वासात घेऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहावाल्यालाही ठाऊक. चेष्टा झाली ती झालीच, मोठं काम द्यायची वेळ आली की “तुम्हाला झेपेल ना?” मन मोकळं करा म्हणणाऱ्यांनी समोर कोण आहे ते आधी बघायला सांगावं.

शेंगाचटणी : खरंय. हे लिहिलंत ते बरं केलंत.

हुरडा_पार्टी : पुण्यात चार वर्षं एमपीएससी. पूर्वपरीक्षासुद्धा निघाली नाही. सोलापुरात मात्र “थोडक्यात हुकलं” सांगत फिरायचो. मित्रांना कळलं असतं तर “का बे, रडलालास काय?” एवढाच उपचार. झोप उडाली तेव्हा एका रात्री 14416 ला फोन लावला. सरकारची टेलिमानस सेवा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाई म्हणाल्या, सगळ्यांना नको, घरातल्या एकालाच खरं सांगून बघा.

अप्पांना सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर नेलं. घरात तोंड उघडलं नसतं. सगळं सांगितलं. ते बराच वेळ पाण्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “गिरणी बंद पडली तेव्हा मी तीन महिने रोज डबा घेऊन बाहेर पडायचो. इथंच बसून खायचो. तुझ्या आईला अजून माहीत नाही.”
मी सध्या मामाच्या दुकानात हिशेब बघतो. अप्पांनी आईला सांगितलं का, विचारलं नाही.

कडकभाकरी : आईचं मी लिहून देतेय. ती घरी बिड्या वळते. हजार झाल्याशिवाय उठायचं नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. हिवाळ्यात बोटं आखडली, छाट (नाकारलेल्या बिड्या) जास्त निघायला लागली, तरी गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या अक्कांना म्हणाली, “आज पाचशेच्या पुढं हात चालंना.” अक्का काही बोलल्या नाहीत. आपलं सूप घेऊन आमच्या उंबऱ्यात येऊन बसल्या, आणि खरं तर त्यांचीही चारशेच झाली होती.