राजीनाम्याआधी ईएल (कमावलेली पगारी रजा) संपवू का?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला आहे, आई दवाखान्यात होती तेव्हापण साहेबांनी सुट्टी दिली नाही, आता बस झालं सोडतोय. ईएल खूप साठल्यात, वापरू का पैसे घेऊ?

↳ आधी रजा मेलवर मंजूर करून घ्या मगच राजीनामा टाका, नोटीस पिरियडमध्ये बरेच एचआर रजा देत नाहीत आणि दिली तर शेवटची तारीख पुढे ढकलतात

↳ दादा, कामगाराला 20 दिवसांमागे 1 रजा कायद्यानेच मिळते, उरलेल्यांचे पैसे फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबात) द्यावेच लागतात. टॅक्समाफीची मर्यादा पण 2023 पासून 25 लाख झालीय, तेवढे कुठे मिळतात म्हणा!

↳ पण मी सुपरवायझर आहे हो

↳ मग तुम्हाला कामगारात धरतीलच असं नाही, अपॉइंटमेंट लेटरमध्ये रजेचं काय लिहिलंय ते नीट वाचा, आणि पोर्टलवरच्या रजेच्या बॅलन्सचा स्क्रीनशॉट आजच काढा, राजीनाम्यानंतर लॉगिन बंद करतात