जादा व्यासाच्या सांडपाणी वाहिनीचा खर्च परत मागायचाय, वाटणी कशी मांडू?

आमच्या प्रकल्पाला २०० मिमीची वाहिनी पुरली असती. पुढचे भूखंड जोडता यावेत म्हणून प्राधिकरणाने ३०० मिमीची टाकायला लावली. परतफेडीची अट काम सुरू होण्याआधीच करारात आहे. मोजमाप पुस्तिका, अंतिम देयकं, पूर्णत्वाचे नकाशे, चाचणी अहवाल सगळं जोडलंय. अर्ज अडलाय तो फक्त लाभार्थींच्या, म्हणजे पुढे या वाहिनीला जोडल्या जाणाऱ्या भूखंडांच्या, हिश्शावर. रस्त्यालगतच्या लांबीवर धरलं तर आत खोल गेलेले मोठे भूखंड स्वस्तात सुटतात. क्षेत्रफळावर धरलं तर बांधकाम न होणारी जमीनही मोजली जाते. नुसता दोन व्यासांच्या खर्चातला फरक मागण्यात अर्थ नाही, खोदाई आणि रस्ता पूर्ववत करणं दोन्हीला जवळपास सारखंच पडतं. अपेक्षित प्रवाहावर वाटणी मांडून कुणी मंजुरी घेतली आहे का? आणि रिकाम्या भूखंडांचा प्रवाह कशावरून धरलात?