शब्दचर्चा: कुलूप ‘दाद देतं’ म्हणजे नेमकं काय करतं?

विचारणा

किल्लीविना कुलूप उघडण्याचा छंद नुकताच लागला आहे. सरावाचं एक पारदर्शक कुलूप आणलंय. जे काही वाचतो त्यात ‘फीडबॅक’ हा शब्द सारखा येतो: फीडबॅक ओळखा, फीडबॅककडे लक्ष द्या. मराठीत टिपणं काढतो आहे, तिथे काय लिहू? प्रतिसाद, अभिप्राय, की शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतलं प्रत्याभरण? आणि हे जे जाणवायचं ते मला अजून फारसं जाणवत नाही, त्याबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल.

उत्तर

अभिप्राय नको, तो मत असणाऱ्याने द्यायचा असतो. प्रत्याभरण बी.एड.च्या वर्गाबाहेर कुणाच्या तोंडी नाही. प्रतिसाद चुकीचा नाही, पण फार पसरट आहे. मी तुम्हाला लिहितो आहे तोही प्रतिसादच, आणि त्यात हाताला काही कळण्याचा भाग कुठेच नाही.

माझं मत ‘दाद’ या शब्दाला. मूळ फारसी, अर्थ न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो. पण बोलताना त्याचा एक वेगळाच उपयोग होतो. गंजलेला नट पान्याला दाद देत नाही, ताप औषधाला दाद देत नाही. म्हणजे आपण काहीतरी करतो आहोत आणि समोरची वस्तू त्याने जराही हलत नाही. दाद दिली, तर हलली. ‘दाद लागू देत नाही’ म्हणतो तेव्हा तर अर्थ आणखी जवळ येतो: आतलं काही कळूच देत नाही. कुलपाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ लागतात. ते हलतंही थोडं, आणि हलताना आतलं कळू देतं.

आता जाणवण्याबद्दल. आज दारांना सर्रास दिसणारं पिनांचं कुलूप लायनस येल धाकटे यांनी 1861 आणि 1865 च्या पेटंटांतून आकाराला आणलं. किल्ली ज्यात शिरते तो फिरणारा गाभा, त्याच्याभोवती न फिरणारं घर, आणि दोन्हींना आरपार छेदणाऱ्या भोकांत पिनांच्या जोड्या, वर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीतला सांधा बरोबर गाभा आणि घर यांच्या मधल्या रेषेवर येतो, आणि गाभा फिरतो.

कारखान्यात ही भोकं कितीही काळजीने पाडली तरी अगदी एका ओळीत येत नाहीत, केसभर इकडेतिकडे होतातच. त्यामुळे किल्लीच्या भोकात वाकवलेली पट्टी घालून गाभ्याला हलकासा पीळ दिला की सगळ्या पिना एकदम आवळल्या जात नाहीत, आधी एकच आवळली जाते. ती दुसऱ्या हातातल्या बारीक सळईने शोधायची, हळू उचलायची, तिचा सांधा रेषेवर आला की ती बसते. मग पुढची आवळते. दाद जी काही मिळते ती या केसभर चुकीमुळे.

टिपणांसाठी नामांच्या मागे लागू नका, क्रियापदं धरा, मराठीत ती तयार आहेत. सळईने पिन दाबून पाहिली आणि ती *उसळली*, म्हणजे नुसती स्प्रिंगच जाणवली, तर तिची पाळी आलेली नाही, सोडून द्या. *अडली*, जड लागली, तर हीच ती. उचलताना बारीकसा ‘खुट्’ झाला आणि गाभा किंचित सरकला, तर *बसली*. प्रमाणाबाहेर उचलली गेली, खालचा तुकडाच रेषेपलीकडे गेला, तर *रुतली*. मग पीळ सोडून तिला खाली पडू द्यावं लागतं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. पिन बसल्याचं सळईच्या हातापेक्षा पट्टीच्या हाताला स्पष्ट कळतं. नवीन माणूस सगळं ध्यान सळईच्या टोकाशी ठेवतो आणि दुसरा हात नुसताच पट्टी धरून बसतो. त्या हाताचं बोट पट्टीच्या टोकावर सैल ठेवा. नाडी पाहताना वैद्याचं बोट जितकं दाबतं त्याहून जास्त नको. जोर वाढला की सगळ्याच पिना जड लागतात, आणि मग अडलेली कोणती आणि नुसती जोराने दाबलेली कोणती हे वेगळं करता येत नाही.

पारदर्शक कुलूप रचना समजायला चांगलं, हाताला शिकवायला तितकंसं नाही. त्याची भोकं ढिली असतात, शिवाय डोळे मध्ये येतात. एखादं साधं पितळी कुलूप घ्या, स्वतःचं, आणि दाराला रोज न लागणारं. वापरातल्या कुलपावर सराव करू नये, आतली स्प्रिंग बिघडली तर दार अडून बसतं.

आणखी एक उत्तर

‘दाद’ पटला. टूलरूममध्ये आयुष्य गेलंय, तर भर घालतो. पट्टीच्या कामाला ‘टेन्शन’ म्हणतात म्हणून मराठीत सरळ ‘ताण’ लिहितात, ते टाळा. ताण ओढल्याने येतो. इथे आपण पिळतो, तेव्हा वर ‘पीळ’ लिहिलंय तेच बरोबर. ताण म्हटलं की शिकणारा खेचतो, पीळ म्हटलं की बोट आपोआप वळतं.

दुसरा शब्द ‘चाचपणे’. चाचपडणे आणि चाचपणे यांत फरक आहे. अंधारात वाट न कळून हात फिरवतो ते चाचपडणं. गाठ आहे का, कुठे आहे, केवढी आहे हे हेतूने पाहणं ते चाचपणं. कुलूप हातात घेतल्यावर पीळ न देता आधी सगळ्या पिना एकेक करून चाचपा. किती आहेत, कुठली उंच, कुठली बुटकी, हे मोजा. मग पीळ द्या. बहुतेक नवे लोक ही पायरी गाळतात आणि चाचपडत राहतात.

लिव्हरच्या कुलपांची गोष्ट वेगळी. तिथे पिना नसून पातळ पट्ट्या असतात (पीळ देण्याची पट्टी वेगळी) आणि सगळ्या नेमक्या उंचीला आल्या की बोल्ट सरकतो. इंग्लंडमध्ये जेरेमाया चब यांनी 1818 साली अशा कुलपात एक खटका बसवला. कुणी पट्टी जास्त उचलली की तो पडायचा आणि कुलूप जाम व्हायचं, मग मालकाला कळायचं की कुणीतरी हात घातला होता. पण नीट पाहिलं तर तोच खटका उघडणाऱ्यालाही सांगतो की ही पट्टी जास्त उचलली गेली. 1851 च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचे कुलूपकार आल्फ्रेड हॉब्ज यांनी ते कुलूप साधारण 25 मिनिटांत उघडलं. ब्रामा या इंग्रज कुलूपकाराच्या कुलपाला मात्र त्यांना 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. इतका वेळ दाद न देणाऱ्या त्या कुलपाबद्दल मला आजही आदर वाटतो.

विचारणा

दोघांचेही आभार. दाद, पीळ, उसळली-अडली-बसली-रुतली, सगळं वहीत उतरवलं. एकच राहिलं. गाभा चांगला फिरतो, वाटतं उघडलं, आणि तिथेच थांबतो. याला ‘फॉल्स सेट’ म्हणतात. ‘खोटी बैठक’ लिहू का?

उत्तर

‘हूल’ लिहा. कुलपाने हूल दिली. कबड्डीत चढाई करणारा देतो तीच.

तुमच्या कुलपात बहुधा मध्ये कंबर बारीक असलेल्या पिना आहेत. ती कंबर रेषेवर आली की गाभ्याला जागा मिळते, तो नेहमीपेक्षा जास्त फिरतो आणि पिनेच्या कडेला अडकतो. आता पिना पुन्हा एकेक तपासा. एखादी उचलू लागताच पट्टी बोटाला *उलट* ढकलेल, गाभा मागे जाऊ पाहील. हूल देणारी तीच. इथे घाबरून जोर लावू नका. बोट सैल करा, गाभ्याला हवं तेवढं मागे जाऊ द्या, सळई मात्र वर नेत राहा. दुसरी एखादी बसलेली पिन खाली पडली तर पडू दे, ती पुन्हा बसवता येते.