मार्टातली स्वस्त गिअरची सायकल घ्यावी का? (देवगड, बजेट सात हजार)

हापूसवाली_देवगड
नमस्कार मंडळी, हा प्रश्न आधी येऊन गेला असेल तर सांभाळून घ्या. मुलगा जूनपासून आठवीत जाईल, शाळा घरापासून साधारण चार किलोमीटर, अर्धा रस्ता सड्यावरचा (पठारावरचा) सपाट आणि मग शाळेपर्यंत उतार, म्हणजे येताना तोच चढ. आतापर्यंत बाबांच्या स्कूटरवरून जायचा पण आता वर्गातले सगळे सायकलवाले झालेत म्हणून यालाही पाहिजे. मागच्या आठवड्यात नणंदेकडे कोल्हापूरला गेलो होतो तिथे एका मोठ्या मार्टात, म्हणजे तांदूळ-डाळीपासून चपलांपर्यंत सगळं मिळतं तसल्या, एक सायकल लावलेली. २१ गिअर, पुढे-मागे डिस्क ब्रेक, मागे पण स्प्रिंग, जाड टायर, काळी-हिरवी. साडेसहा हजार. पोरगा तिथून हलेना. आमचे हे म्हणतात की देवगडात दुकानात तेवढ्याच पैशात बिनगिअरची साधी सायकल देतात मग ही स्वस्तच पडली ना. सासऱ्यांचं म्हणणं डबल बारची काळी घ्या, जन्मभर टिकते, ते ऐकून पोराने जेवण सोडलं.
रविवारी यांचा टेम्पो आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जातोय आणि येताना रिकामाच येतो, म्हणजे आणायचा खर्च नाही. घर समुद्राला लागून, खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात एवढं सांगून ठेवते. घेऊ की नको?

सड्यावरचो
ताई घेव नकात. माझ्या भाच्याक असलीच घेतलेली, मागे स्प्रिंग नि दोन डिस्क. पयल्या पावसात चेन लाल झाली, मगे गिअर बदलणा बंद झाला, डिस्क अशी कुंई कुंई करी की वाडीतले कुत्रे पाठी लागत. आता ती पडवीत उभी आसा नि मावशी तिच्यार टॉवेल सुकत घालता.

चाक_आउट
ताई, कणकवलीत माझं सायकल रिपेरिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकानदार मार्टला नावं ठेवणारच असं कुणाला वाटलं तर वाटू दे, पण असल्या सायकली दुरुस्त करण्यातच माझा जून-जुलै निघतो, म्हणजे धंद्याच्या हिशेबाने मी तुम्हाला खुशाल घ्या म्हणायला पाहिजे.

साडेसहा हजारात कंपनीने काय काय बसवलंय ते बघा. फ्रेम, चाकं, टायर-ट्यूब, सीट, हँडल हे सगळ्याच सायकलींना लागतं. त्याच्यावर हिला पुढे तीन चकत्या, मागे सात, दोन डेरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे), दोन शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे खटके), दोन डिस्क आणि त्यांचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे), पुढे शॉकअपचा चिमटा (पुढचं चाक धरतो तो), मागे स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या सांध्यातले बुश. आणि मार्टचा नफा वेगळा. दुकानातल्या साध्या सायकलीत यातलं काहीच नसतं म्हणून तिचा पैसा रिम, हब (चाकाचा मधला भाग) आणि टायरात गेलेला असतो. हिच्यात सगळं आहे पण प्रत्येक गोष्ट अशी की पेचकस लावला की स्क्रूचं डोकंच गोल होतं.

मागच्या स्प्रिंगचं म्हणाल तर चढावर उभं राहून पाय मारला की सायकल आधी खाली बसते मग पुढे जाते. तुमच्या पोराचा जोर स्प्रिंग दाबण्यात जाणार. वर वजन, सतरा-अठरा किलो सहज भरते, आणि शाळेचं दप्तर वेगळं. येताना चढाला ढकलत आणेल आणि ढकलायला पण जड.

मागच्या चाकाची एक गोष्ट कुणी सांगत नाही. या स्वस्त हबवर सात चकत्यांचं फ्रीव्हील आट्यांनी बसवतात, त्यामुळे उजवीकडचे छर्रे आत राहतात आणि त्यांच्या बाहेर एक्सलचा बराच तुकडा बिनआधाराचा राहतो. एकटं पोर नीट चालवेल तर काही होत नाही, पण आठवीतली पोरं डबलसीट बसत नाहीत असं मी अजून बघितलं नाही. खड्ड्यात आपटली की एक्सल वाकतो, मग चाक डुलतं, मग चेन पडते आणि आईबापांना वाटतं गिअर बिघडले.

आता जोडणी. सायकल कारखान्यातून खोक्यात अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट, ब्रेक हे विकणाऱ्याने बसवायचं असतं. चांगल्या दुकानात हे काम मेकॅनिक करतो आणि रिमचा आउट काढून देतो (म्हणजे तारा कमी-जास्त आवळून डुलणारी रिम सरळ करतो). मार्टात बऱ्याचदा जो माणूस सकाळी बिस्किटं रचतो त्याच्याच हातात पाना देतात. मी काय काय बघितलंय, चिमटा उलटा (ब्रेक मागच्या बाजूला गेले की ओळखा), हबचे कोन (एक्सलवरचे छर्रे दाबून धरणारे नट) इतके आवळलेले की चाक हाताने फिरवलं तर दोन फेऱ्यांत थांबतं, ग्रीस नावालाही नाही. सगळ्यात वाईट म्हणजे डावं पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते जबरदस्तीने सरळ फिरवून घातलं की क्रँकचे आटे जातात आणि मग एक दिवस उतारावर पेडल पायाखालून निघून येतं. तुमच्याकडे उतार आहेच.

रत्नागिरीचा_पेडल
चाक_आउट भाऊंचं बरंचसं पटलं पण मार्ट म्हणजे वाईट आणि दुकान म्हणजे चांगलं हे काही मला पटत नाही. मी मार्टातलीच चालवतो, मागे स्प्रिंग नाही, भाट्यातून पावसकडे जाऊन येतो सुट्टीच्या दिवशी, चढ आहेत आणि सायकल व्यवस्थित आहे. घरी आणल्या आणल्या गल्लीतल्या मेकॅनिककडे दिली, त्याने सगळी उघडून ग्रीस भरलं, आउट काढला, चार-पाचशे घेतले. आणि दुकानातला माल पण लुधियानाहूनच येतो हो, कुठल्या परदेशातून नाही.

दुसरं म्हणजे डिस्कला सगळेच हसतायत पण आपल्याकडच्या पावसात ओल्या रिमवर ब्रेकचा शू (रबर) घसरतो तेव्हा डिस्क बरी वाटते. चुईंचुईं करते मान्य. पण थांबते. जुन्या क्रोमच्या लोखंडी रिमवर धो धो पावसात ब्रेक मारून बघा मग कळेल, सासरेबुवांच्या डबल बारला पण हाच प्रॉब्लेम आहे.

तिसरं, गिअर. चढ असेल तर गिअर हवेतच ना, शाळेतून दमून येणारं पोर बिनगिअरची सायकल रोज चढवेल का? माझं मत, २१ नको, फक्त मागे सात गिअर, मागे स्प्रिंग नाही, अशी बघा. पुढच्या तीन चकत्या आणि तो पुढचा डेरेल्युअर म्हणजे नुसती कटकट, शाळेच्या पोराला त्याचा उपयोग शून्य. आणि डिकॅथलॉनसारख्या फक्त खेळाच्या सामानाच्या दुकानाला किराणा मार्टच्या रांगेत बसवू नका, तिथे रिपेरिंगचं वर्कशॉप असतं, पण सात हजारात तिथे मोठ्या चाकाची गिअरवाली मिळणं कठीण.

चाक_आउट
@रत्नागिरीचा_पेडल बरोबर आहे तुमचं, मार्टाशी माझं भांडण नाही, त्या दोन स्प्रिंगवाल्या खेळण्याशी आहे. फक्त मागे सात गिअर हे मलाही चालेल. पण डिस्कबद्दल एक. या किमतीत केबलवरची डिस्क येते, तिच्यात एकाच बाजूचा पॅड सरकतो आणि तो चकतीला दाबून दुसऱ्या पॅडवर नेतो, त्यामुळे सेटिंग सारखं करावं लागतं, आणि सायकल स्टँडवर उभी करताना रोटर (ती चकती) वाकला की मग रोजचा आवाज. ताईंना घरी कोण ॲडजस्ट करून देणार? त्यापेक्षा अल्युमिनियमची रिम आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी शू दाबणारे). ताई, खिशात एक लोहचुंबक घेऊन जा, रिमला चिकटलं तर लोखंडी, नाही चिकटलं तर अल्युमिनियम. विक्रेता काय म्हणतो त्याच्याकडे लक्षच देऊ नका.

हापूसवाली_देवगड
बापरे केवढी माहिती. चुंबक फ्रिजवरचं चालेल ना? मार्टवाला म्हणाला एक वर्षाची वॉरंटी आहे, मग काही बिघडलं तर बदलून देतील असं हे म्हणतात. आणि साइजचं कसं, मुलगा उंचीने माझ्या खांद्याच्या वर गेलाय.

चाक_आउट
फ्रिजवरचं चालेल.
वॉरंटीचा कागद मागून वाचा. फ्रेमवर असते, उत्पादनातल्या दोषाला असते. टायर, ट्यूब, ब्रेक शू, केबल, चेन आणि गंज हे बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, आणि तुमचं बिघडणार नेमकं तेच. शिवाय पावसाळ्यात ब्रेकची केबल तुटली म्हणून फोंडा घाट चढून कोल्हापूरला सायकल नेणार का? टेम्पो काय दर आठवड्याला रिकामा येत नाही.
साइज म्हणजे २६ इंची चाक त्याला बसेल, पण नुसता चाकाचा आकडा बघून घेऊ नका. त्याला सायकल दोन पायांत घेऊन उभा करा, दोन्ही टाचा जमिनीला टेकून दांड्याच्या वर दोन बोटं तरी जागा राहिली पाहिजे. वाढतं अंग आहे म्हणून मोठी घेतात लोक आणि मग पोर टोकावर बसून चालवतं. सीटचा पाइप वर करता येतो की, फक्त त्याच्यावर खूण असते त्याच्या वर काढू नका.

तात्या_आचरा
सासरेबुवांची बाजू घ्यायला कुणीच नाही म्हणून लिहितोय. माझी काळी ॲटलस अजून चालू आहे, त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, जागतिक सायकल दिनालाच, तरी मला छर्रे, कॉटर पिन, ब्रेक शू, चेन आचऱ्याच्या बाजारात मिळतात कारण त्या सगळ्या सायकलींचं माप ठरलेलं. तुमच्या त्या मार्टातल्या मागच्या स्प्रिंगचा बुश उद्या गेला तर कुठे शोधणार? ब्रेकचं म्हणाल तर रत्नागिरीकर खरं बोलतात, पावसात मी चिखलातून जातो तेव्हा लवकर ब्रेक धरतो. पोराला डबल बार देऊ नका, जड आहे आणि वर्गात हसतील. पण जे सुटे भाग तुमच्या बाजारात टांगलेले दिसतात तीच सायकल घ्या.

खारा_वारा
वेंगुर्ल्याहून. गंजाचं मी सांगतो कारण बाकी सगळे गिअरवरच अडकलेत. समुद्राजवळ महागडी असो की स्वस्त, गंज येणारच. फरक एवढाच की स्वस्त सायकलीचे नट-बोल्ट, तारांचे निपल (रिममध्ये तार आवळणारे नट) आणि केबल आधी जातात, आणि निपल गंजून बसले की आउट काढताच येत नाही, तार तुटते. घेतल्या दिवशी सीटचा पाइप बाहेर काढून ग्रीस लावून परत घाला, पेडलच्या आट्यांना पण, नाहीतर वर्षाने ते निघणारच नाहीत. वाळूतून आली की साध्या पाण्याने धुवा, पाइपचा फवारा हबवर मारू नका, पाणी आत जातं. मग फडक्याने पुसून चेनला तेल, थेंब थेंब, आणि वरचं पुसून टाका, ओली ठेवली की वाळू चिकटते. खोबरेल नको, घट्ट होतं. फवाऱ्याच्या डब्यातलं ते गंज सोडवणारं तेल चेनला रोजचं तेल म्हणून वापरू नका, दोन दिवसांत उडून जातं. आणि सायकल समुद्राच्या बाजूच्या पडवीत नको, मागच्या खोलीत ठेवा. तेवढं जरी केलं तरी साधी सायकल दहावीपर्यंत जाईल.

सड्यावरचो
नायतर गणपतीची वाट बघा ताई. मुंबयचे चाकरमानी पोरांच्या सायकली गाडीर बांधून हाडतत नि मगे हयच सोडून जातत. आमच्या वाडीत तीन-चार अशा पडान आसत, बरे ब्रँडचे.

रत्नागिरीचा_पेडल
सेकंड हँड वाईट नाही पण शाळा जूनला सुरू होते हो, गणपती कधी. आणि नवीन घेतली तर एक बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, पक्कं बिल घ्या आणि त्याच्यावर ५ च आहे का बघा.

हापूसवाली_देवगड
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी यांच्याबरोबर बाजारातल्या दुकानात जाऊन आले, चुंबक घेऊन. दुकानदार आधी बघतच राहिला. एक सात गिअरवाली आहे, रिमला चुंबक चिकटलं नाही, व्ही-ब्रेक, मागे स्प्रिंग नाही, पुढे शॉकअप आहे, सात हजार आठशे सांगतो. बिनगिअरची पाच हजार नऊशे. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड धरून आठ हजारांच्या वर जातंय आणि आमचं बजेट सात. मुलाला गिअरवाली आवडली, रंग लाल आहे म्हणून थोडा नाराज. काय करू?

चाक_आउट
त्या सात गिअरवालीचं मागचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या शूजवळ डोळा नेऊन बघा, रिम डावी-उजवी होत नसेल आणि चाक बराच वेळ फिरत राहिलं तर घ्या. चढ रोजचा आहे, हजार-बाराशे जास्त गेले तर जाऊ देत. कॅरिअर आता घेऊ नका, दप्तर पाठीवरच असतं आणि कॅरिअर दिसलं की मित्र बसतात, मग एक्सलचं मी वर लिहिलंय. मडगार्ड मात्र पाहिजेच, जूनमध्ये तांबडी माती पाठीवर उडाली तर शाळेचा शर्ट तुम्हालाच धुवायचाय. प्लास्टिकची घ्या, पत्र्याची गंजतात. पहिली सर्व्हिस फुकट देतो का ते बिलावर लिहून घ्या, नव्या तारा महिन्याभरात थोड्या सैल होतात तेव्हा परत आउट काढावा लागतो.

तात्या_आचरा
आणि घंटी. आमच्याकडे रस्त्यावर गुरं बसलेली असतात.