सोलापूर: तेरा वर्षांच्या भावाची निवासी फुटबॉल अकादमीत ‘निवड’ झालीय, पाठवावं का?

विणकराची_लेक

नमस्कार. भाऊ आठवीत आहे, तेरा वर्षांचा, जन्म नोव्हेंबरचा, अंगानं बारीक. घर अक्कलकोट रोडला, बाबांचे टॉवेलचे माग आहेत. पोरगं चौथीत असल्यापासून फुटबॉलच्या मागं आहे आणि आता शाळेच्या संघात खेळतं. गेल्या महिन्यात त्यांचा संघ पुण्याला एका खासगी स्पर्धेला गेला होता. तिथं एका गृहस्थांनी सरांकडून बाबांचा नंबर घेतला, आणि चार दिवसांनी फोन आला की तुमच्या मुलाची निवड झाली. परराज्यातली निवासी अकादमी आहे. वर्षाला तीन लाख, डिपॉझिट वेगळं. पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार. दोन वर्षांनी स्पेनच्या क्लबमध्ये ट्रायल देऊ असंही बोलले आहेत.

बाबा दोन माग विकायला निघालेत. आई म्हणते एवढ्या लहान वयात घराबाहेर नको. मी पुण्यात नोकरी करते, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. अकादमीवाले मुलं निवडतात कशी? एका सामन्यात बघून एवढं कळतं का? आणि नाही म्हटलं तर त्याचं नशीब आम्हीच मोडल्यासारखं होईल का?

मैदानावरचे_सर

ताई, मी सोलापुरातच क्रीडा शिक्षक होतो, निवृत्त झालो तरी सकाळी मैदानावर असतोच. आधी ती पंधरा दिवसांची मुदत डोक्यातून काढून टाका. ज्याला खेळाडू हवा असतो तो वाट बघतो, पुन्हा बघायला येतो. घाई असते ती फी भरून घेणाऱ्याला.

मी पालकांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: पैसा कोण लावतंय? जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून आहे. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स २०१५ मध्ये सुरू झाली. आपल्या राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. अशा ठिकाणी मूल घेतलं की त्याचं राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षक सगळ्याचा भार संस्थेवर पडतो, तोही वर्षानुवर्षं. म्हणून ते एका सामन्यावर कुणाला घेत नाहीत. स्पर्धेत बघतात, ट्रायलला बोलावतात, त्यातून थोडी मुलं निवडून शिबिरात ठेवतात आणि मग ठरवतात. चुकीचं मूल घेतलं तर तोटा त्यांचा असतो. फी घेणाऱ्या ठिकाणी चुकीचं मूल घेतलं तर तोटा तुमच्या बाबांचा.

जगातही खरा व्यवहार असाच चालतो. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की फिफाच्या नियमाप्रमाणे त्या रकमेतले ५ टक्के, त्याला १२ ते २३ या वयात ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटले जातात. घडवणाऱ्याची कमाई पोरगं मोठं झाल्यावर होते. तेराव्या वर्षीच ज्याची कमाई वसूल होते, त्याला पोरगं पुढं खेळो न खेळो, काय फरक पडतो?

स्पेनचं ऐकून मला खरंच राग आला. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडं नोंदणी करायला फिफाची बंदी आहे. अपवाद मोजके आहेत, जसं आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले तर. हा नियम मोडला म्हणून २०१४ मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबवर खेळाडू घ्यायला बंदी आली होती. पंधरा वर्षांच्या सोलापूरच्या पोराला तिथं कोण घेणार? फार तर आठ दिवसांची सहल होईल, एखादा मैत्रीपूर्ण सामना होईल, फोटो निघतील, आणि तो खर्चही तुमच्याच खिशातून जाईल.

आता निवडीचं. एका ट्रायलला शंभर-दोनशे पोरं येतात, पाठीवर नंबर लावतात, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ देतात. तेवढ्यात डोळ्यात भरतो तो उंच, दांडगा, पुढं पळणारा. पण चांगला निवडणारा वेगळंच बघतो. चेंडू यायच्या आधी पोरगं मान फिरवून आजूबाजूला बघतं का? पहिल्या स्पर्शात चेंडू मोकळ्या बाजूला घेतं का? दुसरा पाय चालतो का? चेंडू गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभं राहतं की लगेच परत मागं लागतं? हॉलंडच्या अयाक्स क्लबनं यासाठी चारच गोष्टी ठरवल्या: तंत्र, खेळाची समज, स्वभाव आणि वेग. त्यात उंची नाही, ताई.

नोव्हेंबरचा जन्म ही इथली मोठी अडचण. आपल्याकडं वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. तुमच्या भावाच्याच गटात जानेवारीत जन्मलेलं पोरगं त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठं असतं, आणि तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे पूर्ण एक अंगकाठी. जगभरच्या अकादम्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त आढळतात, त्याचं कारण हेच. आणि जिथं वयचोरी चालते तिथं फरक आणखी वाढतो. मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात ते त्यासाठीच. इंग्लंडच्या जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेनं सोळाव्या वर्षी अंगानं लहान म्हणून सोडलं होतं. २०१६ मध्ये तोच लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला. हॅरी केनला आर्सेनलनं लहानपणी एका हंगामानंतर काढून टाकलं होतं. तेव्हा आज ‘निवड’ म्हणाले म्हणून हुरळून जाऊ नका आणि उद्या कुणी ‘नाही’ म्हणालं तर पोराला खचू देऊ नका.

फी घेणाऱ्या सगळ्याच वाईट असतात असं नाही. काही ठिकाणी प्रशिक्षण खरंच चांगलं असतं. त्यासाठी फोनवर तीन गोष्टी विचारा. एक, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं मानांकन आहे का? महासंघ अकादम्यांना तारे देतो, यादी जाहीर असते. दोन, भावाच्या वयाच्या मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडं कुठलं लायसन्स आहे, डी, सी, बी की ए (डीपासून वर चढत जातात)? संस्थापकाचं नको, रोज मैदानावर उभा राहणाऱ्याचं विचारा. तीन, त्याच्या वयोगटाचा संघ महासंघाच्या युथ लीगमध्ये किंवा राज्याच्या लीगमध्ये खेळतो का, आणि भावाची नोंदणी सीआरएसमध्ये, म्हणजे महासंघाच्या खेळाडू-नोंदणी यंत्रणेत, होणार का?

रंकाळ्याकडचा

सरांचं स्पेनबद्दलचं पटलं. पण एक बाजू राहतेय. सोलापुरात राहून त्याला सामने किती मिळणार? आमच्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरतं, पोरगं शेंबडं असल्यापासून मोठ्यांचा खेळ बघत वाढतं. तरीसुद्धा आमचा अनिकेत जाधव लहान वयात घर सोडून पुण्याला बालेवाडीच्या प्रबोधिनीत गेला, आणि २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून अमेरिका, कोलंबिया, घाना यांच्या गटात खेळला. घरात बसला असता तर कोल्हापूरच्या मैदानाचा हिरो झाला असता, तेवढंच. बारा ते सोळा ही वर्षं परत येत नाहीत. माग विकू नका, पण पोराला अडवूनही धरू नका.

मैदानावरचे_सर

बरोबर आहे तुमचं, आणि मी अडवा असं म्हणालोच नाही. अनिकेत गेला तो सरकारी प्रबोधिनीत. बापाला कर्ज काढावं लागलं नाही, फरक एवढाच आहे आणि तोच मोठा आहे. सामने कमी हे सोलापूरचं दुखणं मला मान्य. आपल्याकडं शाळेची बहुतेक पोरं वर्षातून एकदा जिल्हा स्पर्धा खेळतात आणि पहिल्याच सामन्यात हरली तर वर्ष संपलं. म्हणून सांगतो, अकादमी निवडताना गवत, जिम, स्विमिंग पूल बघू नका. वर्षात त्याच्या वयाचे किती खरे सामने होतात ते बघा. बाकावर बसायला तीन लाख देण्यात अर्थ नाही.

केगाव_हॉस्टेल

मी बोलू का? मी सातवीनंतर अशाच एका फीवाल्या निवासी अकादमीत गेलो होतो, नाव घेत नाही. आता इथं विद्यापीठात शिकतोय.

चांगलं आधी सांगतो. पहाटे उठायची, खाण्याची शिस्त लागली. वेगवेगळ्या राज्यांची पोरं भेटली. मणिपूर-मिझोरामच्या पोरांचा पहिला टच बघून मला कळलं की आपण सोलापुरात स्वतःला जेवढं समजत होतो तेवढं काही नाही. ते कळणं फार गरजेचं होतं, अन् ते इथं राहून कळलं नसतं.

आता दुसरं. माझ्या वयोगटात दोन संघ होतील एवढी पोरं घेतली होती. लीगला जायचा एकच संघ, त्यात बहुतेक स्कॉलरशिपवाले. आम्ही फी भरणारे रविवारी आपापसात खेळायचो. शाळेचं नाव होतं, पण वर्ग अर्धा वेळ रिकामा. हंगाम संपला की कुणाला ठेवणार, कुणाला घरी पाठवणार हे ठरायचं, पण फी भरणाऱ्याला कधीच सांगत नव्हते की तू पुढं जाणार नाहीस. मला वाटतं हे सगळ्यात वाईट. खरी अकादमी ‘नाही’ म्हणते, दुखतं पण माणूस दुसरं काहीतरी शोधतो. मला कुणी ‘नाही’ म्हणालंच नाही. शेवटी पप्पांचे पैसे संपले म्हणून परत आलो, अन् दहावीला गणितात किती मागं पडलोय ते तेव्हा कळलं.

ताई, भावाला पाठवायच्या आधी तिथल्या एखाद्या फी भरणाऱ्या पोराच्या घरच्यांशी बोला. अकादमीनं दिलेला नंबर नको, तुम्ही स्वतः शोधा. आणि खासगी ‘नॅशनल’, नेपाळची ‘इंटरनॅशनल’ असल्या स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर भुलू नका. दहावी-बारावीचे क्रीडा गुण किंवा सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, कशालाच ती कामाला येत नाहीत. माझ्याकडं फाईलभर आहेत.

सात_रस्ता_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, एक मुद्दा मांडते. तेरा-चौदाव्या वर्षी मुलं झपाट्यानं उंच होतात. त्या काळात हाड आधी लांबतं, स्नायू मागाहून येतात, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो, टाच दुखते, आणि कालपर्यंत छान पळणारा मुलगा अचानक बेंगरूळ वाटायला लागतो. ‘फॉर्म गेला’ म्हणून याच दिवसांत त्याला बाजूला काढतात. चांगल्या अकादमीत दर दोन-तीन महिन्यांनी उंची-वजन नोंदवतात आणि वाढीच्या टप्प्यात सराव कमी करतात. तिथं हे करतात का, तेही विचारा. आणि आत्ता घरीच, भिंतीवर दर महिन्याला पेन्सिलीनं त्याची उंची मांडून ठेवा. पुढं कुठल्याही प्रशिक्षकाला ती नोंद उपयोगी पडेल.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर मैदानावर ठेवू नका. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पुरेसं आहे, पावडरचे डबे विकत आणायची गरज नाही. आणि दूध-अंडी परवडत नसतील त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी याला कमी समजू नका.

विणकराची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. काल मी स्वतः त्यांना फोन केला. मानांकनाचं विचारलं तर म्हणाले ‘प्रोसेसमध्ये आहे’. प्रशिक्षकाचं लायसन्स विचारल्यावर संस्थापक कुठल्या क्लबकडून खेळले ते सांगत बसले. युथ लीगचं उत्तर आलंच नाही. वर म्हणाले, तुम्ही एवढे प्रश्न विचारताय म्हणजे तुम्हाला मुलावर विश्वास नाही. ते वाक्य मी बाबांना जसंच्या तसं ऐकवलं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, सूत घेताना मी याच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो. माग विकायचं तूर्त थांबलंय.

पण आता पोरगं रुसून बसलंय, जेवत नाही. त्याला नुसतं ‘नाही’ सांगून भागणार नाही. सर, प्रबोधिनीचं नेमकं काय करायचं? आणि तोपर्यंत इथं काय?

मैदानावरचे_सर

प्रबोधिनीच्या चाचण्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून निघते, शाळांकडं पत्र येतं. पण पत्रावर विसंबू नका, स्वतः जाऊन विचारा आणि वयाची अट आधी बघून घ्या, कारण तेरा म्हणजे वेळ थोडाच उरलाय. चाचणीत ३० मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक, शटल रन (दोन रेघांत ये-जा पळणं), ८०० मीटर असं असतं. फुटबॉल येतो म्हणून यात आपोआप पास होत नाही, याचा वेगळा सराव लागतो. दोन महिन्यांत ८०० मीटर चांगलं सुधारतं, उडीला जास्त वेळ लागतो.

दुसरी वाट शाळेची. सुब्रतो कप आणि शालेय स्पर्धा, जिल्हा, मग विभाग, मग राज्य. सुनील छेत्री दिल्लीत शाळेकडून सुब्रतो कप खेळला, २००१ मध्ये तिथल्याच सिटी क्लबकडून, आणि २००२ मध्ये मोहन बागाननं त्याला घेतलं. निवडणारे अशा स्पर्धांना येतात, आणि तिथं ते पोराला त्याच्या स्वतःच्या संघात, त्याच्या जागेवर, पूर्ण सामनाभर बघतात.

तिसरं, नवी मुंबईसारख्या स्कॉलरशिपवाल्या अकादम्यांच्या ट्रायल्स जाहीर होतात तेव्हा जाऊन या. जन्मदाखला जन्मावेळी काढलेला हवा, उशिरा काढलेल्या दाखल्यावर शंका घेतात. आधार, शाळेचं बोनाफाईड, फोटो, सगळं एका पिशवीत तयार ठेवा.

आणि रुसलाय त्याचं मी बघतो. रविवारी सकाळी सहाला पार्क मैदानावर पाठवा, बाबांनाही येऊ दे. आमच्याकडं मोठी पोरं असतात, त्यांच्यात त्याला खेळवू. तीन लाखांच्या जागेऐवजी काय मिळतंय ते त्याला पायानं कळू दे. येताना जुने बूटच घालून ये म्हणावं, मुरमाची जमीन आहे, नवे बूट महिन्यात फाटतात. आणि तो कुठल्या पायानं खेळतो ते कळवा. डाव्या पायाचा असेल तर त्याला मी लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडं बचावाला, लावून बघणार आहे, तसं पोरगं जिल्ह्यात शोधून मिळत नाही.