अनुभव धागा: नळीवाटे दिलेले दूध

माझी मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली तेव्हा तिचे वजन १०८० ग्रॅम होते. तिला दर दोन तासांनी एक मिलिलिटर दूध नळीने देणार, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा एवढ्याशा दुधाने काय होणार, असेच माझ्या मनात आले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी कोवळी असतात आणि आतड्याला सूज येऊन ते सडू लागण्याच्या एनईसी या जीवघेण्या आजाराचा धोका पावडरच्या दुधापेक्षा आईच्या दुधावर कमी असतो, हे मला पुढे कळले. ते एक मिलिलिटर मिळवताना घरच्यांची काय तारांबळ उडते, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे. सल्ले नकोत, अनुभव हवेत.

एक आई, सातारा जिल्हा

माझे सिझेरियन तिसाव्या आठवड्यात झाले. पहिले दोन दिवस पंपाने काहीच निघेना, तेव्हा सिस्टरांनी हाताने दूध काढायला शिकवले: अंगठा आणि बोटे काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचे आणि मग चिमटीत धरल्यासारखे जवळ आणायचे. चीक इतका दाट होता, की तो स्टीलच्या वाटीच्या कडेलाच चिकटून राहिला. सिस्टरांनी तो सिरिंजने ओढून घेतला, तर अर्धा मिलिलिटरही भरला नाही. तेवढाच त्यांनी बाळाच्या गालांच्या आतून बोटाने फिरवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुला दूधच नाही, कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ते वाक्य मला रात्री दोनच्या गजरालाही ऐकू येत असे.

पाचव्या दिवशी मला घरी सोडले, बाळ मात्र अडतीस दिवस तिथेच होते. मी रोज एसटीने जात असे आणि वाटेत वेळ झाली, की स्थानकावरच्या हिरकणी कक्षात बसून दूध काढत असे. बाळासाठी कडा उतरणाऱ्या हिरकणीचे नाव त्या दारावर वाचून पहिल्या दिवशी हसू आले, कारण मला तर नुसती बस पकडायची होती. डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहायची, ती बर्फाच्या पिशवीत ठेवायची आणि पोहोचताच सिस्टरांच्या हाती द्यायची, असा नेम होता. रडून झाले, की दूध आटल्यासारखे वाटे. कांगारू पद्धतीने बाळाला तासभर उघड्या छातीशी धरून ठेवले, की त्यानंतर वाटीत जास्त येई.

एक वडील, मुंबई

पत्नी रक्तदाबामुळे स्वतःच अतिदक्षता विभागात असल्यामुळे आमच्या मुलाला पहिले सहा दिवस दुग्धपेढीतील, म्हणजे इतर मातांनी दान केलेले, दूध मिळाले. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली, म्हणजे आपल्याच शहरात, आणि मला तिचा पत्ताही नव्हता. संमतीपत्रावर सही करताना माझी आई अडून बसली: "कोणाचे, कुठले दूध?" दात्या मातांची एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिससाठी रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात आणि मग उणे २० अंशांवर गोठवतात, हे डॉक्टरांनी तिला सावकाश समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "त्या बाईचे बाळ उपाशी राहत नाही ना?" स्वतःच्या बाळाला पुरून उरलेलेच घेतात, असे कळल्यावर तिने मला सही करायला सांगितले.

नवजात अतिदक्षता विभागातील परिचारिका

नातेवाईक रोज एकच विचारतात: आज किती मिलिलिटर? आम्ही सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडतो आणि उंच धरतो. दूध दाबून ढकलायचे नसते, आपोआप उतरू द्यायचे असते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भारपणापासून मोजलेल्या साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो, तोपर्यंत नळी आणि मग वाटी-चमचा. निर्जंतुक करताना दुधातील काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून आम्ही आधी आईच्याच दुधामागे लागतो, आणि त्यापायी आमच्यावर बोलही येतात. आणखी एक, दूध पातळ दिसले म्हणून कृपया ओतून देऊ नका.

एक आई, नागपूर

माझा मुलगा एकोणिसाव्या दिवशी गेला. घरी फ्रीझरमध्ये अकरा डब्या उरल्या होत्या आणि त्यांचे काय करायचे हे विचारायला कोणालाही धीर होत नव्हता. मीच दुग्धपेढीला फोन केला. त्यांनी माझी रक्ततपासणी केली, डब्यांवरच्या तारखा पाहिल्या आणि आठ डब्या घेतल्या. छाती आणखी काही दिवस भरून येतच होती, म्हणून दूध कमी होईपर्यंत मी तिथेच जाऊन थोडे थोडे काढून देत राहिले. डब्यांवर 'बाळ' असे लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. त्या काढून नवा क्रमांक लावण्यापूर्वी तिथल्या ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "चिठ्ठ्या तुम्हाला हव्या आहेत का?" मी हो म्हणाले.